दोन करंगळ्यांची हाक

आमच्या ऑफिसात सहा माणसं होती आणि त्यातल्या पाच जणांना टायपिंग येत नव्हतं. दिवसभर आम्ही दुसरं काहीच करत नव्हतो, तरी बाईंच्या लेखी ते टायपिंग नव्हतं. ते कोंबडीनं दाणे टिपणं होतं. मी तर फक्त दोन तर्जन्यांनी टिपायचो, म्हणून पहिल्या दिवसापासून माझं नाव दोनबोट्या. आई-वडिलांनी ठेवलेलं नाव हजेरीच्या कागदावर तेवढं उरलं.

बाईंनी हे नाव ठेवलं तेव्हा त्या आमच्याकडे कामाला नव्हत्या. आमच्या दोन खोल्या पहिल्या मजल्यावर. खाली चष्म्याचं दुकान आणि त्याच्या मागच्या बाजूला बाईंचा टायपिंगचा क्लास. एकतीस वर्षं चालला. आधी टाइपरायटरच्या मशीनवर, शेवटची काही वर्षं कॉम्प्युटरवर. मग मुलं येईनाशी झाली, आणि एक दिवस बाईंनी फळ्यावरची तारीख पुसली ती पुन्हा लिहिलीच नाही. बाकं कुणाला हवीत का, हे विचारायला त्या वर आल्या. बाकं राहिली बाजूला. माझ्या पाठीमागे उभ्या राहून पाच मिनिटं बघत राहिल्या. मला मुळात कुणी मागे उभं राहिलेलं खपत नाही.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. आपोआप आलं."

"बरोबर. शिकवून असं येत नाही."

मी चिडलो. की-बोर्ड जुनाट आहे, बटणं अडकतात, म्होरक्या नवा घेऊन देत नाही, असं बरंच बडबडलो. बाईंनी मला उठवलं, स्वतः बसल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. माझी बडबड संपली तेव्हा पडद्यावर ती सगळी उतरली होती, शब्दन्‌शब्द, स्वल्पविरामांसकट. त्याच त्या अडकणाऱ्या बटणांवर.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

म्होरक्या, म्हणजे ज्याच्या डोक्यातून हा आमचा सगळा उद्योग निघाला तो, पलीकडच्या टेबलावरून बघत होता. बाकं त्यानं घेतली नाहीत, बाईंना घेतलं.

उद्योग काय होता ते सांगायला हवं. आम्ही ब्राउझर बनवत होतो, पण नेहमीचा नव्हे. नेहमीच्या इंटरनेटवर पानं कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या कोठारात असतात. कोठारवाल्यानं दार लावलं की पान गेलं. आमच्याकडे कोठारच नव्हतं. ज्याला पान आवडलं त्यानं ते आपल्या मशीनवर ठेवायचं आणि दुसऱ्या कुणी मागितलं की त्याला उतरवून घेऊ द्यायचं, शाळेत वही द्यायचो तसं. एखादं पान ठेवलेली किती मशीन या क्षणी चालू आहेत, तो आकडा खाली कोपऱ्यात दिसायचा. ती कुणाची, ते मात्र दिसायचं नाही. आणि एक नियम होता, दगडावरची रेघ: पान एकदा सोडलं की त्यात काना-मात्रेचाही बदल नाही. बदललंत तर ते वेगळं पान, त्याचा पत्ता वेगळा, आणि जुनं ज्याच्याकडे आहे त्याला त्याची खबरही नसायची.

बाईंकडे काम आलं शॉर्टकटचं. माउसला हात न लावता कुठली बटणं दाबली की काय व्हावं, ते ठरवायचं आणि त्याची यादी लिहायची. माउस त्यांच्या डोळ्यांत सवतीसारखा खुपायचा. "की-बोर्डची मधली ओळ म्हणजे बोटांचं घर," त्या सांगायच्या. "कामाला बाहेर जावं, काम झालं की मुकाट घरी यावं. तुझी बोटं बघ, दिवसभर गावभर उंडारतात."

त्यांचे नियम साधे होते आणि त्यावर त्या म्होरक्याशी तासन्‌तास भांडायच्या. पान ठेवून घ्यायचं बटण उजव्या तर्जनीखाली, कारण ते बोट सगळ्यात तयार, आणि ठेवणं सोपं असावं. पान टाकून द्यायला मात्र डावा हात की-बोर्डच्या एका टोकाला आणि उजवा दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. म्होरक्या म्हणाला, लोक वैतागतील. "वैतागू देत," बाई म्हणाल्या. "टाकायचं असेल तर दोन्ही हात लागू देत. तेवढ्या वेळात माणसाचं मन बदलतं." यादीत शेवटी बत्तीस शॉर्टकट झाले आणि प्रत्येकापुढे बाईंनी लिहिलेलं एकेक सरळ वाक्य.

आणि त्यांचे कान! त्या आमच्याकडे पाठ करून बसायच्या आणि नुसत्या आवाजावरून बातम्या द्यायच्या. "म्होरक्या आज घरून भांडून आलाय, एंटर बघ कसं हाणतोय." "दोनबोट्या, जरा चहा पिऊन ये, उजवं बोट लंगडतंय तुझं." एकदा त्यांची फजिती करायला आम्ही पाच जण गुपचूप जागा बदलून बसलो. बाईंनी मान न वळवता कोण कुठे बसलंय ते ओळीनं सांगितलं आणि वर म्हणाल्या, "झाला पोरकटपणा? आता कामं करा." एकतीस वर्षं पाठमोरं उभं राहून मुलांना ओळखायची सवय होती त्यांना. माणूस चेहरा बदलेल, म्हणायच्या, बोटं नाही बदलत.

यादी पुरी होत आली तेव्हा त्यांनी स्वतःची एक मागणी पुढे केली.

"एक पान दोघांनी ठेवलंय. दोघंही आत्ता आपापल्या घरी तेच उघडून बसलेत. आणि एकमेकांना कळायला काही मार्गच नाही?"

"बाई, गप्पा मारायला लोकांकडे दुसरी हजार साधनं आहेत," म्होरक्या म्हणाला.

"गप्पा नकोत मला. नुसतं 'मी इथे आहे' एवढं कळलं तरी पुष्कळ."

त्याचं नाव त्यांनीच ठेवलं, हाक. अंगठ्यानं ऑल्ट धरायचं आणि दोन्ही करंगळ्या जिथे बसल्या आहेत तिथेच, घरातल्या घरात, दाबायच्या. तेच पान ज्यांच्याकडे उघडं असेल त्यांच्या पडद्यावर एक छोटा ठिपका पेटायचा आणि बोटं खाली असेपर्यंत पेटलेला राहायचा. शब्द नाही, नाव नाही. ते लिहायचं काम माझ्याकडे आलं.

"दोन्ही बोटं एकदम पडली पाहिजेत हां," बाईंनी बजावलं. "मागं-पुढं झाली तर हाक धरायची नाही. नाहीतर लिहिता लिहिता कुणाचीही बोटं लागतील आणि उगाच ठिपके पेटत बसतील."

एकदम म्हणजे किती, असं मी विचारलं. त्यांनी सेकंदाचा विसावा भाग सांगितला. फार कडक होतंय, मी म्हटलं. "सवय केली की जमतं," बाई म्हणाल्या. मी तसं लिहिलं आणि विसरून गेलो.

सुरुवातीला ब्राउझरात पानंच नव्हती, म्हणून आम्ही प्रत्येकानं एकेक पान करून सोडलं. मी सायकल दुरुस्तीचं केलं. बाईंनी आपल्या क्लासचे चाळीस धडे घातले. आम्ही हसलो. बोटं बसवायचे धडे आजच्या दिवसात कोण ठेवणार? आठ महिने त्या पानाचा आकडा एकच होता, बाईंच्या स्वतःच्या मशीनचा. माझ्या सायकलीचाही एकच होता, पण तो विषय कुणी काढत नव्हतं.

मग कामाच्या घाईत आम्ही सगळे लवकर येत होतो त्या आठवड्यात, एका सकाळी तो आकडा दोन झाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. नऊ वाजता दोन व्हायचा आणि साडेनऊला परत एक. रोज, घड्याळ लावल्यासारखं. घाई संपली तरी एरवी दहाला येणाऱ्या बाई पावणेनऊला यायला लागल्या. चावी माझ्याकडे असायची, त्यामुळे मलाही पावणेनऊला यावं लागायला लागलं आणि मी त्याबद्दल मनसोक्त कुरकुर केली. त्या खिडकीजवळच्या टेबलावर बसायच्या, पान उघडायच्या, पदर सारखा करायच्या आणि आकड्याकडे बघत राहायच्या. नऊ वाजून दहा मिनिटांनी त्या हाक मारायच्या. एकदाच. मग साडेनऊपर्यंत ठिपक्याची वाट.

ठिपका कधी आला नाही.

"क्लासची पहिली बॅच नऊ ते साडेनऊ असायची," एवढंच त्या एकदा म्हणाल्या. "अर्धा तास सराव."

एकतीस वर्षांत हजारो मुलं शिकून गेली असणार. कुणा एका हौशी म्हाताऱ्याला जुनी आठवण आली असेल, असं मी म्हणालो. "असेल," बाई म्हणाल्या. तोंडानं असेल म्हणायचं आणि डोळे आकड्यावरून हलवायचे नाहीत. त्या असेलचा अर्थ मला कळत होता.

एकदा त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता, चष्मा पुसत. "तुला दिसू शकतं का रे, हे मशीन कुठलं आहे ते?"

दिसू शकत होतं. खटपट केली असती तर शहर तरी कळलं असतं. पण ब्राउझर उघडला की पहिल्या पानावर एक वाक्य यायचं: कोण काय जपतं ते आम्ही बघत नाही. ते वाक्य बाईंनीच टाइप केलेलं होतं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "राहू दे. मी विचारलंच नाही असं समज."

दीड वर्ष हे असं चाललं. मग एका सोमवारी आकडा एकचा दोन झाला नाही. मंगळवारी नाही. गुरुवारपर्यंत बाईंचा चेहरा मला बघवेना. पाठ ताठ, काम चोख, पण दुपारी डबा तसाच झाकून ठेवलेला. शुक्रवारी मी एक दिवटेपणा केला. चावी आदल्या दिवशीच त्यांच्याकडे देऊन ठेवली आणि सकाळी घरूनच ते पान ठेवून घेऊन उघडलं. त्यांच्याकडे आकडा दोन झाला असणार. नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यांचा ठिपका माझ्या पडद्यावर पेटला, एक टिचकी, संपला. मी उत्तर दिलं. दोन्ही तर्जन्यांनी, अंगठा वाकडा करून, नीट एकदम.

दहा वाजता ऑफिसात शिरलो तर बाई माझ्याच टेबलाशी उभ्या.

"घराची बेल दाबतात का अशी?" त्या म्हणाल्या. "दोन सेकंद बोटं खाली! शिकलेला माणूस टिचकी मारतो आणि उचलतो. तुझं बोट मी ओळखणार नाही होय रे?"

मी जीभ चावली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीवर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पहिला अर्धा सेकंद मला वाटलं, तीच आहे. मग ठिपका विझेचना. पुन्हा असं करू नकोस."

ती कोण, ते त्यांनी मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं.

बाईंना एक लेक होती. नवरा लवकर गेला, लेक क्लासमध्येच वाढली. बाकाखाली झोपली, मशीनच्या आवाजावर अभ्यास केला. लहानपणी तिची डावी करंगळी दारात सापडली होती. बरी झाली, पण जोर गेला. उजवी पडायची आणि डावी मागून यायची. बाईंनी तिच्यासाठी वेगळा धडा केला, चौदावा, अख्खा डाव्या करंगळीचा. दोन वर्षं तो रोज करून घेतला. पालथ्या घड्यावर पाणी. डावी मागून यायची ती यायचीच.

मग टायपिंगची सरकारी परीक्षा. केंद्र बाईंच्याच क्लासात, देखरेख बाईंचीच. बटणांकडे बघायचं नाही. एकदा बघितलं तर ताकीद, दुसऱ्यांदा बघितलं तर कागद काढून घ्यायचा, असा नियम. लेकीला एका ऑफिसात नोकरी ठरली होती, पास झाल्याचा कागद तेवढा न्यायचा होता. लेकीनं खाली बघितलं, बोट पडलं की नाही ते बघायला. बाईंनी ताकीद दिली. थोड्या वेळानं तिनं पुन्हा बघितलं.

"आणि तुम्ही कागद घेतलात."

"घेतला."

"तिच्या जागी दुसरी कुणी मुलगी असती तरी घेतलाच असता ना? मग झालं तर."

"दुसऱ्या मुलीची करंगळी मला माहीत नव्हती," बाई म्हणाल्या. "हिची माहीत होती. ती का बघतेय ते त्या खोलीत मला एकटीला कळत होतं, आणि मीच घेतला."

नोकरी गेली. लेक त्या दिवसापासून घरात हवं-नको एवढंच बोलायची. वर्षभरानं लांबच्या शहरात काम मिळालं तशी निघून गेली. पहिल्या वर्षी एक कार्ड आलं. नंतर तिनं जागा बदलली, बाईंची पत्रं परत यायला लागली, फोन नंबर बंद झाला. त्याला अकरा वर्षं झाली होती. शोधायचं तरी कुठे? आणि शोधून दार वाजवलं तर उघडेल याची खात्री काय? म्हणून बाईंनी धडे सोडले होते. ओरडून बोलवायचं नाही, नुसता दिवा लावून ठेवायचा. मला हे ऐकून फार वाईट वाटलं आणि नेहमीप्रमाणे मी काहीतरी भलतंच बोललो. म्हणालो, पान थोडं बदलून वर तिच्यासाठी दोन ओळी घाला ना. बाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं. बदललं की ते दुसरं पान. तिच्याकडचं जुनं तसंच राहणार. हा नियम मला माहीत नव्हता असं नाही, तो मीच लिहिला होता.

पुढच्या सोमवारी आकडा पुन्हा दोन झाला. आजारी असेल कोणी आठवडाभर. बाईंचा डबा उघडला.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी म्होरक्यानं साफसफाई काढली. ब्राउझर जड झाला होता, जे कुणी वापरत नाही ते पुढच्या आवृत्तीतून काढायचं ठरलं. त्यानं फळ्यावर नावं लिहिली आणि सर्वांत वर हाक. "इतक्या दिवसांत एकाही माणसानं तिचा उल्लेख केलेला नाही," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. बाई रडत-भेकत मागणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण हाक गेली की मग त्या पानावर रोज अर्धा तास बसणाऱ्या माणसाला 'मी आहे' हेही सांगता येणार नव्हतं. आकडा तेवढा दिसला असता.

मला काय वाटलं कोण जाणे, मी त्या दुपारी म्हटलं, "बाई, मला टायपिंग शिकवा."

"चाळिशी आली तुझी."

"म्हणूनच घाई आहे."

त्यांनी माझ्या हातांवर रुमाल टाकला, क्लासात टाकायच्या तसा, म्हणजे बटणं दिसू नयेत. धड्यांचं पान माझ्या मशीनवर उघडलं आणि त्या आपल्या टेबलाशी तेच पान उघडून बसल्या. पंधरा दिवसांत मी सहाव्या धड्यापर्यंत पोचलो, म्हणजे पहिलीच्या मुलापेक्षा थोडा पुढे. करंगळ्या म्हणजे माझ्या हातावरच्या पाहुण्या. कधी कामाला लागलेल्याच नाहीत. एक दिवस कंटाळून म्हटलं, बाईंना जरा हाक मारून बघू, या वेळी खऱ्या करंगळ्यांनी. अंगठ्यानं ऑल्ट धरलं, रुमालाखालीच दाबल्या. त्यांच्याकडून काहीच नाही. पुन्हा दाबल्या. पुन्हा. सात-आठ वेळा झालं.

"बाई, मी केव्हाचा हाक मारतोय, दिसत नाही का?"

"माझ्याकडे काही पेटलं नाही."

"असं कसं? दाबतोय की मी!"

त्या पाठमोऱ्या बसल्या होत्या. "दाब पुन्हा," म्हणाल्या, आणि कान देऊन ऐकलं. "तुझी डावी मागून पडतेय. उजवी, मग डावी. एकदम पडल्याशिवाय हाक धरतच नाही ती, आपणच नाही का तसं..."

आणि त्या थांबल्या.

मी रुमाल बाजूला केला. बाई माझ्याकडे वळल्या, मग पुन्हा आपल्या टेबलाकडे. दोन्ही हात त्यांनी टेबलावर ठेवले, बोटं घरच्या जागी, नुसत्या लाकडावर, आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. ज्या बाईंनी आयुष्यभर कुणाला बोटांकडे बघू दिलं नाही त्या.

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "रोज मी हाक मारतेय, ती तिला दिसतेय. तिनं उत्तर दिलं असेल तर ते माझ्यापर्यंत आलंच नसेल. मी दुसऱ्यांदा कागद काढून घेतला तिचा."

"ती आहे की नाही हेच आपल्याला माहीत नाही, बाई."

"ती असेल तर," बाई म्हणाल्या. "आणि तरी रोज येत राहिली."

मी म्होरक्याकडे गेलो. माझ्या स्वभावाला शोभेल असं, म्हणजे भांडायलाच. हाक काढायची तर काढ, पण आणखी एका आवृत्तीत राहू दे आणि मला ती दुरुस्त करू दे. चूक माझी आहे, मी लिहिलेली आहे. त्यानं कारण विचारलं. मी सांगितलं नाही, ते बाईंचं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग खिडकीजवळच्या टेबलाकडे. "तीन महिने," म्हणाला. "त्यानंतरच्या आवृत्तीत नाही."

दुरुस्ती एका दिवसाची होती. बोटं मागं-पुढं पडली तरी चालेल असं केलं. बाईंनी एकच सांगितलं, "दोन बोटं, दोन ठिपके कर. डाव्याचा डावा, उजव्याचा उजवा." मी केलं. मग त्यांनी यादी मागून घेतली, कारण नवी आवृत्ती कुणी पहिल्यांदा उघडली की शॉर्टकटची यादी समोर यायची. पान बदलता येत नव्हतं, यादी येत होती. एकतीस ओळींना त्यांनी हात लावला नाही. हाकेच्या ओळीपुढे आधी लिहिलेलं होतं, दोन्ही करंगळ्या एकदम दाबा. ते खोडून त्यांनी लिहिलं: "डावी मागून आली तरी हाक पोचते. चूक शिकवणारीची होती."

म्होरक्यानं ते तपासताना वाचलं. भुवया उंचावल्या, पण खोडलं नाही.

आता फक्त थांबायचं होतं. आमच्याकडे कोठार नसल्यामुळे नवी आवृत्ती कुणावर लादताही येत नव्हती. एकाकडून दुसऱ्याकडे जायची, ज्याला वाटेल तेव्हा तो घ्यायचा. काही लोक वर्ष वर्ष जुनीच चालवायचे. पहिला महिना गेला. नऊला दोन, साडेनऊला एक. बाई रोज नऊ दहाला हाक मारायच्या. दुसरा महिना अर्धा गेला. म्होरक्या पुढच्या आवृत्तीची तयारी करायला लागला आणि त्याच्या फळ्यावर हाकेचं नाव होतं तसंच होतं. मी पावणेनऊला येण्याबद्दल कुरकुर करायचं बंद केलं होतं. एके सकाळी तर मीच आधी येऊन त्यांचं मशीन चालू करून ठेवलं. त्यांना ते आवडलं नाही. आपलं मशीन आपणच चालू करावं, म्हणाल्या.

सातव्या आठवड्यातला बुधवार होता. खाली चष्मेवाला शटर वर करत होता. आकडा दोन झालेला. नऊ दहाला बाईंनी हाक मारली, टिचकी, उचलली, हात घरी. मी त्यांच्या खुर्चीमागे उभा होतो; मागे उभं राहिलेलं त्यांनाही खपत नसे, पण त्या दिवशी त्यांनी चालवून घेतलं.

उजवा ठिपका पेटला.

डावा नाही. उजवा विझला, पडदा कोरा झाला, आणि मग मागून, उशिरा, शाळेत शेवटी पोचणाऱ्या मुलासारखा, डावा पेटला. एवढासा. विझला.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी सरळ गालांवर आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही, कारण हात घरी होते. थोड्या वेळानं पुन्हा उजवा. पुन्हा मागून डावा.

"बाई, उत्तर द्या," मी म्हणालो.

बाईंनी अंगठ्यानं ऑल्ट धरलं. उजवी करंगळी खाली गेली आणि वर आली. डावी त्यांनी उचलून धरली होती, हवेत, ताठ. मागे राहायची सवय त्या बोटाला नव्हती. एकतीस वर्षं शिकवलेलं त्यांनी त्या एका बोटावर तोलून धरलं. आणि मग, लेकीचं पडतं तेवढ्याच उशिरानं, त्यांनी ते पडू दिलं.